तूप – निरंक

गेल्या महिन्यात साताऱ्याला आईकडे गेले होते. दुपारी पानं घेतली. आईने सवयीने वाटीत भात दाबला आणि माझ्या ताटात मूद पाडायला वाटी उलटी करणार, तेवढ्यात मी तिचा हात धरला. "आई, भात नको. तूप वाढ हवं तर, चमचाभर चालेल." माझ्या डाव्या दंडावर तेव्हा नाण्याएवढी पांढरी चकती चिकटवलेली होती. तिच्यातली केसासारखी तार दर काही मिनिटांनी माझी साखर फोनला कळवत होती. आईने आधी चकतीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग हातातल्या वाटीकडे, आणि हसली. "गंमत आहे. बाबांना नेमकं उलटं सांगायचीस. भात खा हवा तेवढा, तूप नको." मग ती भात परत पातेल्यात टाकायला आत गेली आणि आतूनच, भिंतीशी बोलावं तशी म्हणाली, "ऐकायचे बिचारे."

पुण्याला परत येताना खंबाटकीच्या बोगद्यापर्यंत तो शब्द माझ्या डोक्यात होता. 'ऐकायचे' म्हणताना आईचा सूर जरा वेगळाच लागला होता. पोराने परीक्षेत कॉपी केलेली आपल्याला माहीत असावी आणि बाई त्याचं कौतुक करत असाव्यात, तेव्हा आपला लागतो तसा.

बाबांच्या छातीत पहिल्यांदा दुखलं ते २००१च्या पावसाळ्यात. जिल्हा परिषदेतून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. अंगाने ते काटकुळे. वजन अठ्ठावन्न किलो, मनगटावर घड्याळ सैल व्हायचं. फक्त सदऱ्याखाली नारळ लपवल्यासारखं एवढंसं पोट. "ह्यांना कसला हार्टचा त्रास?" असं भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणाला. अँजिओप्लास्टी झाली आणि घरी सोडताना डॉक्टरांनी एक झेरॉक्स कागद हातात दिला. त्यावर 'टाळा' या शब्दाखाली तूप, लोणी, साय, खोबरं, अंड्याचा बलक. मी सत्तावीस वर्षांची होते, पुण्यात नोकरीला होते, ऑफिसात इंटरनेट होतं आणि घरातली सगळ्यात शिकलेली मी होते. यातलं शेवटचं कारण सगळ्यात धोक्याचं. मी घराचा ताबा घेतला. तुपाची बरणी उचलून शेजारच्या काकूंकडे देऊन आले. गोडेतेल गेलं, करडईचं आलं. फुलके कोरडे झाले. दुधावरची साय काढून टाकायची म्हटल्यावर विरजण, लोणी, कढवणं सगळंच थांबलं आणि दर गुरुवारी घरभर पसरणारा तो खरपूस वास गेला. पातेल्याच्या तळाची बेरी साखर घालून बाबा आणि मी भांडून खायचो. तेही गेलं. त्याच्या जागी आलं टोस्टवर लावायचं एक पिवळं स्प्रेड, डब्यावर 'कोलेस्टेरॉल नाही' असं ठळक लिहिलेलं. आणि मारी बिस्किटं. हलकी म्हणून. बाबा चहात बुडवून एका वेळी सहा खायचे.

तूप बंद व्हायच्या आधी बाबांचं जेवण म्हणजे एक सोहळा होता. मूद ताटात पडली की वर वरण, मग मुदीच्या डोक्यावर बोटाने हलकेच खळगा, त्यात तूप. ते खळग्यातून ओघळून खाली येईपर्यंत वाट बघायची. मग लिंबू. मग पहिला घास. बंदीनंतर मात्र ते खळगा करेनासे झाले. मान खाली घालून भात भराभर कालवायचे, कुणी ताट ओढून नेईल अशा घाईने. मला वाटायचं, जेवणातला रसच गेला त्यांच्या. वाईट वाटायचं, पण त्या वाईट वाटण्यात थोडा अभिमानही होता. कडक परिचारिकेला वाटत असेल तसा.

मी त्यांना निळ्या पुठ्ठ्याची एक वही आखून दिली होती. दिनांक, वजन, रक्तदाब, चालणे, तूप/लोणी, गोड. मी शनिवार-रविवारी यायचे आणि तपासायचे. रकाने भरायचं काम बाबांचं. आयुष्यभर आवक-जावक नोंदी ठेवलेला माणूस. त्यांच्या कुठल्याही रजिस्टरात खाडाखोड नसायची आणि ऑफिसात त्यांची ख्याती एकच, की खोटी नोंद करणार नाही, मग साहेब चिडो वा बदली होवो. तुपाच्या रकान्यात ते '०' लिहीत नसत. शासकीय अहवालात लिहितात तसं, शिरोरेखा पट्टीने मारल्यासारखी सरळ ठेवून, 'निरंक' लिहीत. पानामागून पान निरंक. चार महिन्यांत कोलेस्टेरॉल २४८वरून १७१वर आलं. तो कागद मी ऑफिसात दाखवला. रात्री झोपताना ते एक छोटी पांढरी गोळीही घ्यायचे, हे मात्र कुणाला सांगितल्याचं आठवत नाही.

गोळी घ्यायला मनोनिग्रह लागत नाही ना. मग तिला श्रेय कसं द्यायचं?

एक होळी आठवते. आईने पुरणपोळ्या केल्या होत्या. मी बाबांच्या पोळीवर तुपाऐवजी दूध वाढलं. त्यांनी घडी घातली, तुकडा मोडला, खाल्ला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "दुधाशीही बरी लागते." एवढंच. हे वाक्य मला वर्षातून एकदा, नेमकं त्याच दिवशी, ऐकू येतं.

त्या झेरॉक्स कागदाचं मूळ कुठे आहे ते मी फार उशिरा वाचलं. सप्टेंबर १९५५मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला आणि तिथल्या सगळ्या मध्यमवयीन पुरुषांना एकदम आपापलं काळीज चाचपावंसं वाटलं. अ‍ॅन्सेल कीज हा शास्त्रज्ञ तेव्हा सांगतच होता की दोष आहारातल्या मेदाचा. १९५८पासून त्याने सात देशांतल्या पुरुषांचं खाणं आणि त्यांची हृदयं यांचा माग ठेवला. बारकाईचं, चिवट काम होतं. पण क्रीट बेटावरच्या ज्या लोकांच्या ताटावरून पुढे भूमध्य सागरी आहाराचा एवढा गाजावाजा झाला, त्यांच्या खाण्याच्या नोंदींपैकी काही लेंटच्या दिवसांतल्या, म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या उपासाच्या काळातल्या होत्या. मला हे वाचून हसूच आलं. कुणी श्रावणात आमच्या आळीत येऊन ताटं मोजली असती, तर मराठी माणूस साबुदाणा आणि शेंगदाण्यावर जगतो असा निष्कर्ष निघाला असता. आणि तो एकादशीला दुप्पट खातो, हेही खाली तळटीपेत आलं असतं.

पुढचं सगळ्यांना थोडंफार माहीत आहे. १९८०मध्ये अमेरिकी सरकारच्या आहारसूचना आल्या, मेद कमी करा म्हणणाऱ्या. १९९२मध्ये तो प्रसिद्ध त्रिकोण आला. पायथ्याशी पाव, भात, शेवया, दिवसाला सहा ते अकरा वाढण्या, आणि टोकावर चिमूटभर तेल-तूप. तो त्रिकोण मी बाबांच्या वहीच्या पहिल्याच पानावर चिकटवला होता. बाबा तेव्हा म्हणाले होते, "हे पाव खाणाऱ्यांचं दिसतंय," आणि मी त्यांना गप्प केलं होतं. साखर उद्योगाने १९६०च्या दशकात हार्वर्डमधल्या संशोधकांना पैसे देऊन साखरेवरचा संशय मेदाकडे वळवणारा लेख लिहवून घेतला, तो १९६७मध्ये छापूनही आला, आणि पैशांची गोष्ट जुन्या कागदपत्रांतून उजेडात यायला २०१६ साल उजाडलं. तोपर्यंत बाबांना जाऊन सात वर्षं झाली होती. त्या पिवळ्या स्प्रेडचं तर काय सांगावं. तेलाला हायड्रोजन देऊन घट्ट करताना जे ट्रान्स फॅट तयार होतं, ते हृदयाला तुपाहून वाईट ठरलं. आमच्या पिढीने तेच डालड्याच्या रूपाने लहानपणी लाडवांतून खाल्लं आणि रिकाम्या डब्यांत तुळशी लावल्या. आपल्याकडे तेलातल्या आणि वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटवर दोन टक्क्यांची मर्यादा आली ती २०२२मध्ये.

पण म्हणून तूप निर्दोष सुटलं असंही नाही. हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं, कारण हल्ली कुटुंबाच्या ग्रुपवर रोज सकाळी कुणीतरी तुपाची मिरवणूक काढतं. अंड्यातल्या कोलेस्टेरॉलवरची जुनी आकडेबंद मर्यादा अमेरिकेच्या सूचनांतून २०१५च्या सुमारास गेली, हे खरं. संपृक्त मेद रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवतो, हेही खरंच राहिलं. तूप जामिनावर बाहेर आहे, एवढंच म्हणता येईल. जामिनावर सुटलेल्याला हारतुरे घालायची आपल्याकडे पद्धत आहे, त्याला कोण काय करणार.

आमच्या सोसायटीत २०१८च्या आसपास उघड फाळणी झाली होती. बी विंगमध्ये डॉ. दीक्षितांचे लोक. दोनदाच जेवायचं, पंचावन्न मिनिटांत आवरायचं, मधे काही नाही. ए विंगमध्ये ऋजुता दिवेकरांचे. दर दोन तासांनी थोडं थोडं, भात खा, तूप खा, आजी खायची ते खा. एका मुंजीत मी बी विंगचे एक गृहस्थ पाहिले. उजव्या हाताने जिलबी नाकारत होते आणि डाव्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघत मठ्ठ्याचा घोट उरकत होते. त्यांचं वजन आठ किलो उतरलं होतं. ए विंगमधल्या माझ्या मैत्रिणीचंही सहा उतरलं होतं. दोघंही खरं बोलत होती, आणि दोघांचंही समोरच्याबद्दलचं मत एकच होतं: बघा, वर्षभराने काय होतंय ते. 'खाईन तर तुपाशी, नाहीतर उपाशी' ही म्हण आपल्या पूर्वजांनी हट्टी माणसाला हिणवायला केली. आता तिचे दोन्ही अर्धे भाग वेगवेगळे डाएट प्लॅन म्हणून पैसे घेऊन विकले जातात.

त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या ख्रिस्तोफर गार्डनर यांचा एक मोठा प्रयोग छापून आला. सहाशे नऊ माणसं. अर्ध्यांनी वर्षभर मेद कमी केला, अर्ध्यांनी पिठूळ-साखरेचं कमी केलं. दोन्हीकडे भाज्या भरपूर, मैदा-साखर बंद. वर्षाअखेर मेदवाल्यांचं सरासरी ५.३ किलो वजन उतरलं, दुसऱ्यांचं ६ किलो. फरक म्हणावा असा काही नाही. मला सरासरीपेक्षा दुसऱ्याच गोष्टीने खिळवलं. दोन्ही गटांत कुणाचं पंचवीस किलोच्या वर उतरलं होतं, तर कुणाचं आठ-नऊ किलो वाढलं होतं. तोच सल्ला, तेच वर्ष. आणि त्या माणसांनी खरोखर काय खाल्लं, हे ज्याचं त्यालाच ठाऊक. आहारशास्त्राचं बरंचसं ज्ञान माणसांना विचारूनच मिळालेलं आहे. काल काय खाल्लंत? गेल्या महिन्यात किती वेळा? माणूस आठवून सांगतो, आठवताना थोडं सावरून सांगतो. म्हणूनच मला केव्हिन हॉल यांचा २०१९चा प्रयोग आवडतो. फक्त वीस माणसं, पण महिनाभर रुग्णालयातच मुक्कामाला. दोन आठवडे पाकीटबंद, कारखान्यातलं खाणं, दोन आठवडे साधं रांधलेलं. समोर ठेवलेल्या दोन्ही ताटांत साखर, मेद, पिष्ट मोजून सारखं, आणि हवं तेवढं खायची मुभा. पाकीटबंद खाण्याच्या दिवसांत माणसं रोज पाचशेच्या आसपास कॅलरी जास्त खाऊन बसली. तिथे ताटात काय आहे ते लपवायला जागा नव्हती. घराघरांत ती असते.

माझी स्वतःची कथा छोटी आहे. एकावन्नाव्या वर्षी तीन महिन्यांची सरासरी साखर ६.१ निघाली. मधुमेहाच्या उंबरठ्यावर. माझ्या मुलीच्या वयाच्या डाएटिशियनने भात-पोळी अर्ध्यावर आणली आणि "मॅम, तूप एन्जॉय करा" असं म्हणाली, तेव्हा मला त्या मुलीचा राग आला. का ते तिला सांगता येण्यासारखं नव्हतं. पहिल्या आठवड्यात अडीच किलो उतरलं. मी हवेत. मग कळलं की यकृतात आणि स्नायूंत साठवलेल्या साखरेच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तिप्पट पाणी धरून ठेवलेलं असतं. साखर वापरली गेली की ते वाहून जातं. म्हणजे आठवडाभर मी मुख्यतः पाणी उतरवलं होतं. दंडावरच्या चकतीने आणखी एक दगा उघड केला. ज्या कांदेपोह्यांना मी तीस वर्षं हलका नाश्ता समजत आले, त्यांनी माझी साखर अशी उडवली की फोन किंचाळला. बाबांनाही २००५मध्ये साखर निघाली होती. तेव्हा मी त्यांचा चहा बिनसाखरेचा केला, आणि सोबत मारी बिस्किटं तशीच ठेवली.

काटकुळ्या माणसाला हे सगळं कसं झालं, त्याचं उत्तर पुण्यातच होतं. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी २००४मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि जॉन युडकिन या आपल्या इंग्रज सहकाऱ्याचा फोटो छापला होता. दोघे शेजारी शेजारी उभे. उंचीच्या मानाने वजन दोघांचं अगदी सारखं, बीएमआय २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांच्या ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेली बाळं त्यांनी आधीच मोजली होती. सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा पाऊण किलोहून हलकी. स्नायू कमी, चरबी मात्र त्या मानाने टिकून. बारीक आणि तरी लठ्ठ. तो फोटो पाहताना मला सदऱ्याखालचा नारळ दिसला. बाबा ज्या घरात जन्मले तिथे सणावारी भात आणि एरवी भाकरी, तूप म्हणजे पाहुण्याच्या ताटातली धार. निवृत्तीनंतर कुठे रोज चमचाभर तूप आपल्या हक्काचं झालं होतं त्यांच्या. तीन वर्षं मिळालं.

परवा पुन्हा साताऱ्याला गेले. घरपट्टीची जुनी पावती हवी होती. कपाटाच्या तळाशी, बाबांच्या पेन्शनच्या कागदांखाली, निळी वही सापडली. मी ती घेऊन स्वयंपाकघरात आले. आई मेथी निवडत होती. सवा सहा वर्षांच्या नोंदी, पुढे हात थरथरायला लागल्यावर बंद पडलेल्या. मी पानं उलटत एक रकाना बोटाने खाली खाली नेत गेले.

"आई, हे खरं होतं ना?"

"काय?"

"तूप निरंक."

तिने एक जुडी संपवली, दुसरी सोडली. "ताटात नव्हतंच कधी."

"म्हणजे?"

"मुदीत असायचं."

वाटीत अर्धा भात घालायचा, त्यावर चमचाभर तूप, वर उरलेला भात, दाबायचा आणि उलटी करायची. वर लगेच वरण. मी बरणी देऊन आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी काकूंनी म्हणे वाटीभर तूप मागच्या दाराने आणून दिलं होतं, आणि मग ते चालूच राहिलं. "तू शनिवारी यायचीस तेव्हा जरा कमी घालायचे," आई म्हणाली, जणू हा माझ्यासाठी केलेला मोठा विचार होता.

मला राग आला. खोटं कशाला बोलू, आधी रागच आला. आठ वर्षं मी त्या माणसाला कोरडे फुलके खायला लावले, लग्नाकार्यात त्यांच्या ताटावर नजर ठेवली, त्या १७१च्या कागदावर मिरवले. ते सगळं त्या छोट्या पांढऱ्या गोळीचं होतं आणि वहीतला माझा प्रयोग पहिल्या दिवसापासून भ्रष्ट होता. "आणि त्यांना त्याने काही झालं असतं तर?" मी विचारलं. आई म्हणाली, "झोपेत गेले गं ते. एकोणसत्तराव्या वर्षी." हे माझ्या प्रश्नाचं उत्तर होतं की नव्हतं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मग मी तिला विचारलं, की बाबांना ठाऊक होतं का. भात भराभर कालवणारी ती खाली गेलेली मान आत्ता माझ्या डोळ्यांपुढे आली होती.

"पहिल्या दिवशी मी सांगितलं नव्हतं," आई म्हणाली. "ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी घातलं नाही. धीर होईना, तुझी वही होती ना. तर ह्यांनी मूद फोडली, मधे बोट घालून बघितलं, आणि माझ्याकडे बघत बसले. जेवेचनात."

"आणि तरी निरंक लिहायचे? बाबा? खोटी नोंद?"

आईने मेथीचे देठ कागदावर गोळा केले.

"छे गं. वही ते जेवायच्या आधीच भरायचे."